महारोगी या शब्दापाशी

अमरावती विद्यापीठाच्या पत्त्यात 'तपोवन' हा शब्द येतो. आम्ही दोघांनी, एकमेकांची ओळखही नसताना, वेगवेगळ्या महाविद्यालयांतून मराठीचे एम. ए. केले आणि परीक्षेचे अर्ज, गुणपत्रिकेतल्या दुरुस्त्या, पदवीचे प्रमाणपत्र अशा कामांसाठी त्या रस्त्याने अनेकदा गेलो. मराठीच्या विद्यार्थ्याला तपोवन म्हटले की कण्वाचा आश्रम आठवावा, हरणे आणि वल्कले आठवावीत, हे ओघानेच आले. शहरातल्या माणसांना मात्र या नावाने दुसरेच काही आठवते. ऑटोवाला विचारी, "इद्यापीठ, का तपोवन?" आणि त्या 'का'वर थोडा जोर देई. आपण विद्यापीठच म्हणणार, याची त्याला खात्री असे.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगायला हवे. १९४६ साली डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी अमरावतीच्या बाहेर कुष्ठरुग्णांसाठी श्री जगदंबा कुष्ठनिवास उभारला, तेच हे तपोवन. दाजीसाहेब होमिओपॅथीचे डॉक्टर, स्वातंत्र्यलढ्यातले कार्यकर्ते. १९५९ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि १९८६ साली ते गेले. ज्यांना गावाने वेशीबाहेर काढले त्यांना घर, औषध आणि हाताला काम मिळावे, भीक मागायची वेळ येऊ नये, एवढा साधा आणि कठीण असा तो संकल्प होता. आपल्या भागात आरोग्य, हक्क आणि न्यायालय हे तीन शब्द एकत्र आले की मेळघाटची आठवण होते, आणि ती व्हायलाच हवी. तिथल्या बालमृत्यूंच्या याचिका १९९० च्या दशकापासून मुंबई उच्च न्यायालयापुढे आहेत. तपोवनाची आठवण या संदर्भात सहसा कोणी काढत नाही. तिथे सेवा झाली, दान झाले, असे आपण म्हणतो. तिथल्या माणसांचे काही हक्कही होते आणि ते कायद्यानेच काढून घेतले होते, हे आमच्याही ध्यानात फार उशिरा आले. ते पुस्तकातून आले नाही, घरातल्या एका पेटीतून आले. पण त्याआधी शब्दाविषयी.

तपोवन चालवणाऱ्या संस्थेचे नाव विदर्भ महारोगी सेवा मंडळ. वर्ध्याजवळच्या दत्तपूरला मनोहरजी दिवाणांनी १९३६ साली काम सुरू केले, त्या संस्थेच्या नावातही महारोगी आहे. वरोऱ्याला बाबा आमट्यांनी १९४९ साली स्थापन केली ती महारोगी सेवा समिती. म्हणजे कुष्ठरुग्णाला माणूस मानणाऱ्या विदर्भातल्या तीन मोठ्या कामांनी हाच शब्द स्वीकारला. त्या काळी तो शिवीसारखा वाटत नसावा. उलट बोलीतल्या 'रगतपिती'पेक्षा तो भारदस्त, संस्कृताच्या वळणाचा, म्हणून सभ्य वाटत असावा. गंमत अशी, की मुळात महारोग हे एका रोगाचे नाव नव्हेच. वाग्भटाने आठ महारोग सांगितले आहेत. वातव्याधी, मुतखडा, कुष्ठ, प्रमेह, उदर, भगंदर, मूळव्याध आणि संग्रहणी. आमच्या दोन्ही महाविद्यालयांच्या प्राध्यापक कक्षांत प्रमेहाचे आणि मूळव्याधीचे रुग्ण मुबलक आहेत, आणि त्यांतले कोणीही स्वतःला महारोगी म्हणवून घेत नाही. आठांतल्या सातांनी हे नाव हळूहळू उतरवून ठेवले आणि ते सगळे ओझे एकाच्या अंगावर पडले. कुष्ठाचेही तसेच. आयुर्वेदात कुष्ठाचे अठरा प्रकार आहेत, त्यांत साधे त्वचाविकारही येतात. आपल्या तोंडी तो शब्द आला की बोटे झडलेला हातच डोळ्यांपुढे येतो.

आणि बोली? आपल्याकडे कोणाची आई स्वयंपाकघरातून ओरडली नाही, "हात झडले का तुझे?" आम्ही दोघेही हे ऐकत वाढलो आणि आमच्या मुलीला हेच म्हणत आलो. शिव्याशापांचा अभ्यास हा मराठीतला उपेक्षित प्रांत आहे. त्यात शिरले तर रोगांची केवढी मोठी यादी निघेल, आणि तिच्यात पहिला मान कोणाचा, हे सांगायला संशोधक नको.

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबर २०१० मध्ये कुष्ठरोगबाधित व्यक्ती आणि त्यांचे कुटुंबीय यांच्याविरुद्धचा भेदभाव संपवण्यासाठी एक ठराव केला. त्याच्याबरोबर काही तत्त्वे आणि मार्गदर्शक सूचना आहेत. त्यांत विवाहाचा हक्क आहे, नागरिकत्वाचा आहे, निवडणुकीला उभे राहण्याचा आहे, काम करण्याचा आहे. शिवाय एक सूचना भाषेविषयी आहे. इंग्रजीतला 'लेपर' हा अवमानकारक शब्द आणि कोणत्याही भाषेतला वा बोलीतला त्याचा समानार्थी शब्द शासकीय प्रकाशनांतून काढून टाकावा, असा तिचा आशय. कोणत्याही भाषेतला वा बोलीतला, हे वाचताना आम्ही थबकलो. जिनिव्हातल्या कोणा समितीने आमच्या वऱ्हाडी बोलीची दखल घ्यावी, तीही अशा कामासाठी!

आमचा त्यावर वाद झाला आणि तो अजून मिटलेला नाही. एकाचे म्हणणे, की संस्थांनीही नावे बदलावीत. ज्यांच्यासाठी संस्था आहे त्यांना पाटी वाचून मान खाली घालावी लागू नये. दुसरीचे म्हणणे, की त्या पाटीखालीच त्यांना पहिल्यांदा मान वर करता आली. शब्द बदलून जो इतिहास पुसला जाईल तो सेवेचा असेल, तिरस्काराचा नव्हे. पर्यायी नाव म्हणून जगभर 'हॅन्सनचा आजार' सुचवले जाते. १८७३ साली नॉर्वेतल्या बर्गेनला गेरहार्ड हॅन्सन या डॉक्टरला या रोगाचा जिवाणू सापडला, त्याच्या स्मरणार्थ. पण याच हॅन्सनने पुढे एका रुग्ण बाईच्या डोळ्यात, तिला न विचारता, दुसऱ्या रुग्णाच्या गाठीतला अंश टोचला होता. १८८० साली त्याच्यावर खटला चालला आणि रुग्णालयातले पद त्याला गमवावे लागले. शुद्ध नाव शोधायला निघालेल्या माणसाची अशी फजिती होते.

आता पेटीकडे येतो. हा लेख आम्ही 'आम्ही' म्हणून लिहीत आहोत, कारण ही गोष्ट लपवणारे आणि जिच्यापासून ती लपवली गेली ते, असे दोन्ही पक्ष आज एकाच घरात राहतात.

आमच्यापैकी एकीची एक आत्या होती. मूर्तिजापूर तालुक्यातल्या एका खेड्यात तिचे माहेर, लग्न होऊन ती दूरच्या गावी गेलेली. लग्नानंतर पाच-सहा वर्षांनी चुलीवरचे भगुणे उतरवताना तिची बोटे भाजली आणि तिला ते कळलेच नाही. करपल्याचा वास आला म्हणून सासूने पाहिले. मग पाठीवरचा चट्टा निघाला. मूल नव्हते. सासरच्यांनी तिला दिवाळसणाला म्हणून माहेरी आणून सोडले आणि परत नेले नाही. काही वर्षांनी, १९७९ साली, एका न्यायालयाने तिच्या नवऱ्याला घटस्फोटाचा एकतर्फी हुकूमनामा दिला. ती न्यायालयात कधी गेलीच नाही. तिला न्यावे असे कोणाला वाटले नाही, आणि आपण जाऊ शकतो हे तिला ठाऊक नव्हते.

तो हुकूमनामा कायदेशीर होता. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात जोडीदाराला 'उग्र आणि असाध्य' स्वरूपाचा कुष्ठरोग असणे हे घटस्फोटाचे एक कारण होते. १९७३ साली सर्वोच्च न्यायालयापुढे असे एक प्रकरण आले होते. नवरा स्वतः डॉक्टर. न्यायालयाने बायकोचा लेप्रोमॅटस प्रकारचा रोग उग्र आणि असाध्य ठरवला आणि घटस्फोट मान्य केला. ही तरतूद काही हिंदूंचीच मिरास नव्हती. १८६९ च्या घटस्फोट कायद्यात, १९३९ च्या मुस्लिम विवाहविच्छेद कायद्यात, १९५४ च्या विशेष विवाह कायद्यातही तशी सोय होती. एरवी ज्यांच्यात एकमत होणे दुरापास्त, ते सगळे व्यक्तिगत कायदे या एका मुद्द्यावर एकत्र नांदत होते.

आम्हाला याहून विचित्र वाटले ते दुसरेच. जुन्या हिंदू धर्मशास्त्राने उग्र कुष्ठ झालेल्याला वारसाहक्कातून वगळले होते. तो कलंक १९२८ च्या एका कायद्याने बऱ्याच अंशी दूर केला आणि १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने तर स्पष्टच सांगितले, की रोगामुळे कोणीही वारसाहक्काला मुकणार नाही. म्हणजे एका वर्षाच्या अंतराने केलेल्या दोन कायद्यांपैकी एकाने आत्याला बापाच्या जमिनीवर हक्क दिला आणि दुसऱ्याने तिच्या नवऱ्याला तिला सोडण्याचा. दुसरा हक्क तत्काळ बजावला गेला. पहिल्याचे काय झाले, ते पुढे सांगू.

त्याआधीचा, १८९८ चा 'लेपर्स ॲक्ट' आम्ही मुद्दाम मिळवून वाचला. त्याच्या आधी सात-आठ वर्षे सरकारनेच नेमलेल्या आयोगाने भारतभर फिरून सांगितले होते, की हा रोग फारसा संसर्गजन्य नाही. तरी कायदा आला. भीक मागणाऱ्या वा उपजीविकेचे साधन नसलेल्या कुष्ठरुग्णाला पोलिसांनी वॉरंटाशिवाय पकडावे आणि आश्रयगृहात डांबावे, अशी त्यात सोय होती. शिवाय सरकारला वाटल्यास कुष्ठरुग्णाला काही गोष्टींची मनाई करता येई. सार्वजनिक विहिरीवर वा तळ्यावर पाणी भरू नये, आंघोळ करू नये, कपडे धुऊ नयेत; विकण्यासाठी अन्न शिजवू नये; न्हाव्याचा, धोब्याचा, पाणक्याचा धंदा करू नये. ही यादी वाचताना वाचकाला कशाची आठवण होईल, हे महाराष्ट्रात सांगण्याची गरज नाही. पाणी कोणी भरायचे नाही, हे ठरवण्याची आपल्याला सवयच होती. इंग्रजाने त्या सवयीला रोगाचे एक कलम जोडले. पैसेवाल्या कुष्ठरुग्णाला त्या कायद्याने डांबता येत नव्हते, हेही लक्षात घेण्याजोगे. जंतू गरिबाच्याच अंगात भयंकर होतो, असे कायदा मानत होता. आणि ही दृष्टी इंग्रजांबरोबर गेली नाही. १९५९ च्या मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायद्यातही कुष्ठरुग्ण भिकाऱ्यांना तपासून वेगळे ठेवण्याचे कलम घालण्यात आले. हे सारे विधिमंडळात आपल्याच माणसांनी केले. १८९८ चा कायदा रद्द झाला तो २०१६ साली.

आत्या घटस्फोटानंतर तपोवनात आली. भावानेच आणून सोडले. घरात लहान मुलांना सांगितले गेले, की आत्या आश्रमात असते, तपोवनात. त्या वयात ते पुरेसे होते. भाचीच्या डोळ्यांपुढे पर्णकुटी होती, आणि आत्या तिथे बसून फुलांच्या माळा करते आहे. पुढे शाळेत कोणीतरी तपोवन म्हणजे काय ते सांगितले. घरी येऊन विचारले तेव्हा थोबाडीत बसली. त्यानंतर घरात तो शब्द निघाला नाही.

तपोवनात आत्यावर उपचार झाले. आधी डॅप्सोनच्या गोळ्या, वर्षानुवर्षे. मग बहुविध औषधोपचार आला. जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ साली त्याची शिफारस केली आणि १९८३ पासून राष्ट्रीय कार्यक्रमातून तो टप्प्याटप्प्याने जिल्ह्याजिल्ह्यांत पोहोचला. ही तीन औषधे एकत्र घेतली की पहिल्या काही मात्रांतच रुग्णाकडून होणारा संसर्ग थांबतो. मुळात शंभरांतल्या पंचाण्णव माणसांना या जिवाणूची बाधा होतच नाही, त्यांची प्रतिकारशक्तीच पुरेशी असते. दोन वर्षांचे उपचार पुरे करून १९८९ साली आत्या रोगमुक्त झाली. तसे कार्ड तिच्याजवळ होते. बोटे वाकलेली होती ती तशीच राहिली. औषध जंतू मारते, गेलेली संवेदना परत आणत नाही. घरून बोलावणे आले नाही. ती तिथेच राहिली, भाजीच्या वाफ्यांवर काम करीत.

२००३ च्या उन्हाळ्यात, विद्यापीठातले काम आटोपल्यावर, भाची घरी न सांगता तपोवनात गेली. दुपारचे दोन वाजले असतील. अमरावतीचे ऊन काय असते ते वऱ्हाडाबाहेरच्यांना सांगून पटत नाही. आत्याने ओळखले नाही. नाव सांगितल्यावर खाटेवरची गोधडी झटकून जागा केली. भाऊ बरा आहे का, गावच्या विहिरीला पाणी आहे का, असे विचारले. मग म्हणाली, "काय शिकून राह्यली तू?" मराठी, असे सांगितल्यावर ती हसली. "मराठीत काय शिकतं वं पोरी? बोलतो तं आपन रोजच." अर्धा तास बोलणे झाले. कोपऱ्यात माठ होता, त्यावर पितळेचा गडू पालथा होता. आत्याने पाणी विचारले नाही. आलेला माणूस पाणी नाकारतो, नाकारताना कारणे सांगतो, आणि ती कारणे ऐकावी लागतात, हे तिला पंचवीस वर्षांच्या अनुभवाने ठाऊक झाले असणार. भाचीला तहान लागली होती. घसा सुकला होता. कुष्ठरोग पाण्यातून पसरत नाही हे ती शिकलेली होती, आत्या चौदा वर्षांपूर्वीच बरी झाली आहे हे तिला दिसत होते. तिने पाणी मागितले नाही. निघताना आत्या म्हणाली, "घरी सांगू नोको, इकडं आलती म्हून."

विद्यापीठाच्या फाटकासमोरच्या टपरीवर भाचीने दोन ग्लास पाणी एका दमात प्यायले. हे ती आजही सांगते तेव्हा मध्येच थांबते.

२००७ साली आमचे लग्न ठरले. बघून-दाखवून, रीतसर, दोघेही तेव्हा तासिका तत्त्वावर शिकवीत होतो. बैठकीत मुलाकडच्यांनी विचारले, मुलीच्या वडिलांना भावंडे किती? मुलीचे वडील म्हणाले, "एक बहीण होती, ती वारली." मुलगी आतल्या खोलीत हे ऐकत होती. तिने पोह्यांच्या बशा उचलल्या आणि बाहेर आली. आत्या त्या दिवशी बहुधा भाजीच्या वाफ्यांना पाणी देत असावी. पुढची चार वर्षे ती अशी मेलेली होती. २०११ साली ती खरोखर गेली, निरोप आला, आणि तेव्हा नवऱ्याला कळले, की आपल्याला एक चुलतसासू होती. वाक्य लिहिताना पुन्हा चूक झाली. आत्याला आपल्याकडे आतेसासू म्हणतात, चुलतसासू नव्हे. जे नाते कधी वापरलेच नाही, त्याचा शब्दही तोंडी बसत नाही. आपण वारसांना सांगू शकलो असतो, लग्न मोडले नसते, असे तो नंतर म्हणाला. मोडले नसते, हे तो आज म्हणतो. २००७ साली त्याच्या आईने काय म्हटले असते, याबद्दल आमच्यात दुमत नाही.

तिच्या पेटीत दोन लुगडी, एक गजाननमहाराजांची तसबीर आणि ते १९८९ चे कार्ड निघाले. पुढे वडील गेल्यावर त्यांच्या कागदांत १९७९ चा हुकूमनामा सापडला. एका कागदावर असाध्य, दुसऱ्यावर उपचार पूर्ण. मध्ये फक्त दहा वर्षे. वैद्यकाला जे दहा वर्षांत जमले ते कायद्याला आणखी तीस वर्षे जमले नाही.

डिसेंबर २००५ मध्ये भारतातून कुष्ठरोगाचे 'निर्मूलन' झाल्याचे जाहीर झाले. मूळ इंग्रजी शब्द 'एलिमिनेशन', आणि त्याचा अर्थ मर्यादित होता. दहा हजार लोकसंख्येमागे एकापेक्षा कमी रुग्ण उरले, म्हणून सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून तो आता गणला जाणार नाही, इतकेच. देवी जशी जगातून गेली त्याला 'इरॅडिकेशन' म्हणतात. मराठीत दोन्हींना निर्मूलनच. मूळच उरले नाही, असे सांगणारा शब्द आपण वापरला आणि लोकांनी तो शब्दशः खरा मानला. प्रत्यक्षात त्यानंतरही जगातल्या नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक भारतात सापडत आले आहेत; कोविडपूर्व काळातही आणि नंतरही वर्षाला एक लाखाच्या आगेमागे. भाषांतराची चूक आमच्या प्रश्नपत्रिकेत झाली तर दोन गुण जातात.

निर्मूलन जाहीर होऊन तीन वर्षे झाल्यावर, २००८ साली, ओडिशातल्या एका निवडून आलेल्या माणसाचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आले. कुष्ठरोगी म्हणून पालिकेच्या निवडणुकीला तो अपात्र ठरला होता. न्यायालयाने ती अपात्रता कायम ठेवली, मात्र नव्या संशोधनाचा विचार करून अशा तरतुदी ठेवाव्यात का, हे विधिमंडळाने पाहावे असेही म्हटले. एप्रिल २०१५ मध्ये विधी आयोगाने आपल्या २५६ व्या अहवालात भेदभाव करणाऱ्या कायद्यांची छाननी केली आणि एका नव्या कायद्याचा मसुदाही दिला. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने जनजागृती, औषधे, पुनर्वसन यांबाबत केंद्राला आणि राज्यांना सविस्तर निर्देश दिले. आणि २०१९ साली संसदेने व्यक्तिगत कायद्यांत दुरुस्ती करून पाच कायद्यांतून कुष्ठरोग हे कारण वगळले.

वगळले, एवढेच. त्याच वर्षी जपानमध्ये काय झाले ते पाहावे. जपानने विसावे शतक जवळजवळ संपेपर्यंत कुष्ठरुग्णांना सक्तीने वेगळे ठेवले. तो कायदा १९९६ साली रद्द झाला. २००१ साली कुमामोतोच्या न्यायालयाने ते धोरण घटनाबाह्य ठरवले, सरकारने अपील केले नाही, पंतप्रधानांनी माफी मागितली आणि भरपाई दिली. २०१९ साली त्याच न्यायालयाने रुग्णांच्या कुटुंबीयांनाही भरपाई द्यायला सांगितले, कारण लग्ने मोडली, नोकऱ्या गेल्या, भावंडांना एकमेकांशी नाते तोडावे लागले, ती हानी राज्याने केलेली होती. आमच्याकडे असा खटला कोणी घातला तर कुटुंबीयांना कोणत्या बाजूला बसवायचे? आमच्या घरापुरते उत्तर आम्हाला ठाऊक आहे. सरकारने कलम लिहिले हे खरे, पण बैठकीत "ती वारली" हे सांगायला कोणत्याही कलमाने भाग पाडले नव्हते.

राहिला बापाच्या जमिनीचा हक्क. वडिलांच्या कागदांत हुकूमनाम्याखाली आणखी एक कागद होता. १९९२ सालचे हक्कसोडपत्र, नोंदणी केलेले. आत्याला तपोवनातून जीपने तालुक्याच्या गावी नेले आणि त्याच दिवशी परत आणून सोडले. गाव त्याच रस्त्यावर, फाट्यापासून आत दीड मैल. तिथे जीप वळवली नाही. कागदावर नेहमीची भाषा आहे. राजीखुशीने, अक्कलहुशारीने, कोणाच्याही दबावाशिवाय वगैरे. त्या शेतातला काही भाग वडिलांनी पुढे विकला आणि मुलीचा वाटा म्हणून जे पैसे दिले, ते अकोल्यातल्या आमच्या या फ्लॅटच्या पहिल्या हप्त्यात गेले.

हक्कसोडपत्राच्या शेवटी निळ्या शाईचा अंगठा आहे. बाजूला लेखनिकाने लिहिले आहे, 'निशाणी डाव्या अंगठ्याची, लिहिता-वाचता येत नाही.' आत्या चौथी पास होती. २००३ च्या त्या दुपारी तिने भाचीला खाटेखालचे हरिपाठाचे पुस्तक काढून दाखवले होते, आणि पहिल्या पानावर पेन्सिलीने, तिरक्या, मोठ्या अक्षरांत तिचे माहेरचे पूर्ण नाव होते. वाकल्या बोटांत पेन्सिल धरायला आपण कशी शिकलो, हे ती बराच वेळ सांगत होती.